वाचकांचे प्रश्न : नावाजलेल्या विज्ञानगाथेचे कथानक बदलताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. सर्वांना ठाऊक असलेली विज्ञानगाथा नव्याने रचताना कथानकात मोठे बदल करावेत का, आणि करायचेच तर ते कोणत्या जबाबदारीने, असा तो विषय आहे. पत्रलेखकांपैकी बहुतेक जण स्वतः लिहिणारे आहेत. म्हणून उत्तरे देताना मीही समीक्षकाची जागा सोडून लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून विचार केला आहे. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रत्येकातील प्रश्नाचा गाभा तेवढा येथे दिला आहे. ज्या कलाकृतींचे दाखले येतात त्यांचे शेवट उत्तरांत उघड झाले आहेत, याची ज्यांनी त्या अजून वाचल्या-पाहिल्या नसतील त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

प्रश्न : मी एका गाजलेल्या अंतराळगाथेचे नवे रूप लिहीत आहे. शत्रूचा उगम, दोन प्रमुख पात्रे आणि शेवट हे तिन्ही मी बदलले आहे. आराखडा वाचून मित्र म्हणाले, की एवढे बदलायचे तर नवीच कथा लिही, जुने नाव कशाला हवे? किती बदल केले म्हणजे गाथा तीच राहत नाही?

उत्तर : आपल्या मित्रांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे दायित्व लेखकावरच येते. मात्र बदलांची संख्या मोजून ते उत्तर सापडणार नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा दाखला आपल्या परिस्थितीला अगदी जवळचा आहे. ग्लेन लार्सन यांची मूळ मालिका १९७८ साली सुरू झाली आणि एकाच पर्वात आटोपली. रोनाल्ड मूर यांनी तिची केलेली नवी मांडणी २००३ साली लघुमालिकेच्या रूपाने आली आणि पुढे २००९पर्यंत चालली. जुन्या मालिकेत मानवजातीच्या मुळावर उठलेले सायलॉन हे यंत्रमानव सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या एका परग्रहीय जमातीने घडवलेले होते. मूर यांनी ते माणसांनीच घडवले असे ठरवले, आणि त्यांच्यातल्या काहींना हुबेहूब माणसाचे रूप दिले. स्टारबक आणि बूमर ही मूळची पुरुष पात्रे स्त्रिया झाली. जाणूनबुजून फितूर झालेला बाल्टार हा मोहाला आणि स्वतःच्या अहंकाराला बळी पडलेला शास्त्रज्ञ झाला.

आता यातील पहिला बदल कुठवर झिरपत गेला ते पाहा. शत्रू आपणच निर्माण केला, म्हणून त्याला आपल्या यंत्रणांची खडान्‌खडा माहिती आहे. म्हणून परस्परांशी जोडलेले संगणक वापरणारी सगळी नवी जहाजे पहिल्याच हल्ल्यात निकामी होतात. म्हणून वाचते ते फक्त जुनाट, निवृत्त होऊन संग्रहालय व्हायला निघालेले गॅलॅक्टिका, कारण त्याच्या कप्तानाने संगणकांची अशी जोडणी कधी होऊच दिलेली नाही. शत्रू माणसासारखा दिसतो, म्हणून वाचलेल्या सुमारे पन्नास हजार लोकांत कोणीच कोणावर निर्धास्तपणे विश्वास टाकू शकत नाही. आणि निर्माते आपण आहोत, म्हणून जहाजाचा कप्तान अडामा अगदी सुरुवातीच्याच एका भाषणात विचारतो, की आपली जात वाचवण्याच्या लायकीची आहे का, हे आपण स्वतःला कधी विचारले आहे? जुन्या मालिकेत हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. एका निर्णयातून युद्धाचे तंत्र, राजकारण आणि नैतिक पेच असे तिन्ही निघाले.

आणि तरीही ही गाथा तीच राहिली, कारण राखलेल्या गोष्टी नेमक्या होत्या. बारा वसाहतींचा विध्वंस, एक म्हातारे युद्धजहाज, त्याच्या आधाराने पळणारा नागरी जहाजांचा ताफा, ऐकीव पृथ्वीचा शोध, इतकेच काय, यंत्रसैनिकाच्या डोळ्यात इकडून तिकडे सरकणारा तांबडा प्रकाशसुद्धा राहिला. या साऱ्यांतून एकच प्रश्न उभा राहतो : घरदार जळून गेल्यावर पळणारी माणसे वाटेत काय होऊन जातात? आपण आपल्या गाथेपुरता असा प्रश्न, एकाही पात्राचे नाव न घेता, एका वाक्यात लिहून पाहा. आपले तिन्ही बदल त्या प्रश्नाला अधिक टोकदार करत असतील, तर जुने नाव वापरण्याचा आपला अधिकार मी मान्य करीन. बदलांनंतर तो प्रश्नच विचारता येत नसेल, तर मित्रांचे ऐकावे.

विरोध मात्र होणार, हे गृहीत धरा. मूळ मालिकेत अपोलोची भूमिका करणारे रिचर्ड हॅच यांनी जुनीच कथा पुढे चालावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली होती आणि नव्या मांडणीवर त्यांनी सुरुवातीला टीकाही केली. पुढे त्याच नव्या मालिकेत त्यांनी टॉम झारेक या अगदी वेगळ्या पात्राची भूमिका स्वीकारली आणि ती मनापासून वठवली. जुन्या रसिकांची नाराजी ही बहुधा प्रेमाची दुसरी बाजू असते, आणि तिला कामाने उत्तर देता येते.

प्रश्न : माझ्या रूपांतरात मधल्या भागात नायकाचा गुरू मरत नाही, वाचतो. हा माझा सर्वांत धाडसी बदल आहे. पण त्यानंतर कथा मूळ कथानकाच्याच वाटेला लागते आणि वाचणाऱ्यांना बदल झाल्यासारखेही वाटत नाही. काय चुकले असावे?

उत्तर : गुरू वाचला आणि पुढचे सारे तसेच घडले, याचा अर्थ त्याचे मरण मूळ कथेत कोणते काम करत होते याचा शोध अजून लागलेला नाही. बहुतेक गाथांत गुरूच्या मरणाने नायक एकटा पडतो आणि ज्या निर्णयासाठी तो तयार नसतो तो निर्णय त्याच्यावर येऊन आदळतो. गुरू जिवंत ठेवायचा तर हे काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. तो जिवंत असूनही त्याच्यावरचा विश्वास उडाला तर? तो वाचला, पण त्याच्याऐवजी मरणारी व्यक्ती अशी निघाली की तिच्या मरणाबद्दल नायक गुरूला कधीच क्षमा करू शकणार नाही, तर? अशा एखाद्या वाटेने गेलात, तर कथा जुन्या वाटेवर परतूच शकणार नाही.

याहून मोठी सूचना करतो. घटनेला हात लावण्याऐवजी तिच्यामागचे कारण बदलता येते का, ते पाहावे. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या गाथेत हे फार देखणेपणाने साधले आहे. पिएर बूल यांच्या १९६३च्या फ्रेंच कादंबरीत वानरांचे राज्य एका दूरच्या ग्रहावर आहे. १९६८च्या चित्रपटाने एकच गोष्ट उलटवली : तो ग्रह म्हणजे आपली पृथ्वीच निघाली, आणि वाळूत रुतलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याने ती प्रेक्षकाला सांगितली. पुढे १९७३पर्यंत एकूण पाच चित्रपट आले. त्यांत वानरांच्या उदयाचे कारण असे दिले, की भविष्यातून एक वानर जोडपे आपल्या काळात येते आणि त्यांचा मुलगा मोठा होऊन उठावाचे नेतृत्व करतो. म्हणजे वानरांच्या उदयाला भविष्यातले वानरच कारण. कोडे म्हणून ही कल्पना चांगली आहे, पण ते एक बंद वर्तुळ आहे आणि माणसाच्या वाट्याला त्यात फारसे काही येत नाही.

२०११ साली सुरू झालेल्या नव्या चित्रपटांनी हे वर्तुळ तोडले. अल्झायमरवर उपाय शोधणारा एक शास्त्रज्ञ, ज्याचे स्वतःचे वडील त्या आजाराने खंगत आहेत, तो वानरांवर औषधाची चाचणी घेतो. औषधाने वानरांची बुद्धी वाढते. त्याच औषधाचे अधिक प्रभावी रूप माणसांसाठी प्राणघातक ठरून साथ पसरते. एकच कारण, आणि त्यातून एका जातीचा उदय व दुसरीचा अस्त अशी दोन्ही टोके निघतात. २०१७च्या चित्रपटात तोच विषाणू बदलतो आणि वाचलेल्या माणसांची वाचा हिरावून घेतो. तेव्हा १९६८च्या चित्रपटातील माणसे मुकी का होती, या जुन्या गोष्टीलाही आपोआप आधार मिळतो. ममतेपोटी केलेल्या कृतीतून सर्वनाश ओढवणे ही शोकांतिका आहे, आणि ती जुन्या वर्तुळात नव्हती.

आणखी एक बारकावा. जुन्या चित्रपटांपैकी तिसऱ्यात अशी दंतकथा सांगितली जाते, की वानराने उच्चारलेला पहिला शब्द ‘नाही’ हा होता. २०११च्या चित्रपटात कारण बदलले, काळ बदलला, तो शब्द उच्चारणारा वानरही बदलला. पण नव्या चित्रपटांचा वानरनायक सीझर याच्या तोंडून प्रथम फुटलेला शब्द ‘नाही’ हाच आहे. कुठे हात लावायचा नाही, हेही त्या लेखकांना कळलेले होते.

प्रश्न : मूळ पुरुष पात्रे नव्या आवृत्तीत स्त्रिया करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. याला कथानकातील बदल म्हणावे, की केवळ पात्रनिवडीतील?

उत्तर : ज्या बदलाने कोणाचे कोणाशी असलेले नाते बदलते, तो कथानकातला बदल समजावा. २०२१च्या ‘ड्यून’ चित्रपटात वाळवंटी ग्रहाचा परिसंस्थातज्ज्ञ लिएट काइन्झ स्त्री आहे. भूमिका प्रभावी झाली आहे, पण घटनाक्रमावर त्याचा फारसा परिणाम नाही, आणि त्यात वावगे काही नाही. स्टारबकच्या बाबतीत मात्र अडामाशी असलेले तिचे नाते मुलीसारखे झाले, त्याच्या मृत मुलाशी तिचे लग्न ठरलेले होते, आणि त्या मुलाच्या मृत्यूतील तिचा वाटा हे सगळ्या कुटुंबावरचे ओझे झाले. तेथे बदल कथेच्या हाडापर्यंत गेला. दोन्ही रीती चालतील, मात्र आपण त्यांपैकी कोणती अवलंबत आहोत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे.

प्रश्न : मी निवडलेली गाथा शेकडो वर्षांवर पसरलेली आहे. दर भागात नवी पात्रे येतात. वाचक कोणाशीच जोडला जाणार नाही या भीतीने मी काही पात्रांना सर्व शतकांतून जिवंत ठेवले आहे. हे मूळ कृतीच्या प्रकृतीविरुद्ध होते का?

उत्तर : ही अडचण आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’चे रूपांतर करणाऱ्यांपुढे थेट उभी राहिली. असिमोव्ह यांनी या कथा १९४२पासून एका मासिकात लिहिल्या आणि १९५१ ते १९५३ या काळात त्यांची तीन पुस्तके झाली. आकाशगंगाव्यापी साम्राज्य कोसळणार आहे. नंतरचे ३०,००० वर्षांचे अंधारयुग गणिताच्या आधारे १,००० वर्षांवर आणता येईल, असा हॅरी सेल्डनचा सिद्धान्त आहे. हे गणित अफाट लोकसमूहांना लागू पडते, एकट्यादुकट्या माणसाला नाही. म्हणूनच त्या पुस्तकांत नायक येतात आणि जातात. राहतो तो इतिहास.

२०२१ साली आलेल्या मालिकेने या अडचणीवर काढलेला एक तोडगा मला फार मोलाचा वाटतो. सम्राट क्लिऑनच्याच प्रतिकृती पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसतात, आणि एका वेळी एक तरुण, एक प्रौढ व एक वृद्ध असे तिघे एकत्र राज्य करतात. पुस्तकांत असे काहीही नाही. पण मावळत्या साम्राज्याला बदल सोसत नाही, ते स्वतःलाच गिरवत राहते, हा मूळ विचार या कल्पनेत मूर्त होतो. शिवाय तोच चेहरा शतकानुशतके पडद्यावर राहत असल्याने प्रेक्षकालाही धरून ठेवायला काहीतरी मिळते. तांत्रिक गरज आणि आशय यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

त्याच मालिकेतील दुसरा तोडगा मला पटलेला नाही. फाउंडेशन या सेल्डनने स्थापलेल्या संस्थेच्या बाजूची काही पात्रे निद्रावस्थेत ठेवून पुढच्या शतकांत नेली आहेत आणि त्यांना अंतर्ज्ञानासारख्या असामान्य शक्ती दिल्या आहेत. पुस्तकातला साल्व्हर हार्डिन हा शस्त्राविना संकट परतवणारा, हिंसेला अकुशल माणसाचा शेवटचा आसरा मानणारा महापौर आहे. मालिकेतील हार्डिन ही शस्त्र बाळगणारी रक्षक आहे आणि तिच्या ठायी काहीतरी विशेष आहे. यातून अडचण अशी उद्भवते, की पुढे मूळ गाथेत ‘म्यूल’ नावाचे पात्र येते. एकट्या माणसाच्या असामान्य शक्तीमुळे सेल्डनचे सगळे गणित कोसळते, हाच त्या भागाचा धक्का आहे. आधीपासूनच असामान्य व्यक्ती वावरत असतील, तर त्या एका अपवादाचे वजन कमी होते.

आपल्या आराखड्यातील दीर्घायुषी पात्रे यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत, ते तपासावे. काळ त्यांच्यावरून गेल्याचे चिन्ह उमटत असेल, त्यांचे टिकणे हाच त्यांचा रोग किंवा शाप असेल, तर ती गाथेच्या प्रकृतीशी जुळतील. केवळ ओळखीचा चेहरा हवा म्हणून ती टिकत असतील, तर त्याऐवजी एखादी वास्तू, एखादा ग्रंथ किंवा पिढ्यान्‌पिढ्या विकृत होत जाणारी एखादी आठवण शतकांतून न्यावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : मूळ लेखकाचा नायक मला धोकादायक वाटतो आणि माझ्या आवृत्तीत नायिका त्याला सोडून जाते. मूळ कादंबरीत ती अखेरपर्यंत त्याच्याबरोबर आहे. हा लेखकाशी द्रोह ठरेल का? मला ‘ड्यून’ची चित्रपट-आवृत्ती पाहून हे सुचले, हे प्रामाणिकपणे सांगते.

उत्तर : प्रामाणिकपणाबद्दल आभार. ‘ड्यून’वर थोडे विस्ताराने लिहितो, कारण फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५च्या या कादंबरीची वेगवेगळी रूपांतरे शेजारी ठेवली की आपल्या प्रश्नाचे बहुतेक पैलू दिसतात.

कादंबरीच्या अखेरीस तिचा नायक पॉल अट्रेडीज सिंहासनासाठी सम्राटाच्या मुलीशी विवाह ठरवतो. त्याची खरी सहचरी चानी हे सोसते, आणि इतिहास आपल्यालाच पत्नी म्हणून ओळखेल, अशा आशयाच्या शब्दांत पॉलची आई तिची समजूत घालते. २०२४च्या चित्रपटात दनी व्हिलनव्ह यांनी चानीला, पॉल हा तारणहार असल्याच्या भविष्यवाणीवर सुरुवातीपासून अविश्वास दाखवणारी केले. हे भाकीत बाहेरच्यांनी आपल्या लोकांना गुलाम करण्यासाठी पेरलेले आहे, असे ती बोलून दाखवते, आणि शेवटी सगळे गुडघे टेकत असताना ती पाठ फिरवून निघून जाते. वरवर पाहता हा कादंबरीच्या शेवटाचा उलटा शेवट आहे. पण हर्बर्ट यांनी स्वतः अनेकदा सांगितले होते, की लोकांनी तारणहार नेत्यांपासून सावध राहावे हा इशारा द्यायचा होता. पुष्कळ वाचकांनी मात्र पॉलला सरळ वीरनायक मानले. १९६९च्या ‘ड्यून मसाया’ या पुढील कादंबरीत त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेल्याचे सांगितले जाते, म्हणजे तो इशारा तेथे अधिक उघडा झाला. चित्रपटाने तो पहिल्याच कथेत आणला आणि त्यासाठी चानीच्या डोळ्यांनी पॉलकडे पाहायला लावले. शब्द मोडून लेखकाचा हेतू राखला, असे याला म्हणता येईल. मला हा बदल द्रोह वाटत नाही.

याउलट डेव्हिड लिंच यांच्या १९८४च्या चित्रपटाचा शेवट घ्या. तेथे पॉलच्या विजयानंतर अराकिस या वाळवंटी ग्रहावर पाऊस कोसळतो. दृश्य म्हणून ते भव्य आहे. पण कादंबरीच्या जीवशास्त्रानुसार पाणी हे महाकाय वाळूकृमींचे विष आहे आणि ज्या मसाल्यावर सगळे आकाशसाम्राज्य चालते तो त्या कृमींच्याच जीवनचक्रातून तयार होतो. ग्रहभर पाऊस पडला तर कृमी मरणार, मसाला संपणार, आणि पॉलने नुकतीच जिंकलेली सत्ता त्याच क्षणी पोकळ होणार. शिवाय पॉल खरोखरच दैवी तारणहार ठरतो, म्हणजे हर्बर्ट ज्याबद्दल सावध करत होते तेच सिद्ध होते. हा बदल चानीच्या निघून जाण्यापेक्षा अनेकांना निरुपद्रवी वाटेल. माझ्या मते तो दोहोंत अधिक खोलवर मोडतोड करणारा आहे, आणि तो करताना त्याचा परिणाम कोणी मोजलेला दिसत नाही.

व्हिलनव्ह यांच्या चित्रपटातील आणखी एक बदल लिहिणाऱ्यांनी अभ्यासावा असा आहे. कादंबरीत मध्ये काही वर्षे जातात. पॉलची बहीण आलिया जन्मते, प्रौढ बाईसारखी बोलते आणि लहान वयातच घराण्याचा शत्रू बॅरन याला ठार करते. चित्रपटाने सगळा काळ काही महिन्यांत आटवला, त्यामुळे ती गर्भातच राहिली आणि बॅरनला मारण्याचे काम पॉलकडे आले. पडद्यावर चिमुरडीच्या तोंडी ते संवाद विश्वसनीय करणे अवघड होते, हे खरेच. पण काळ आटल्याने दुसरेही साधले : एक तरुण इतक्या थोड्या दिवसांत देव होतो, हे अधिक भयावह वाटते.

आता आपल्या नायिकेबद्दल. ती निघून गेली की पुढच्या भागाचे गणित बदलते. ‘ड्यून मसाया’त चानी पॉलच्या जुळ्या मुलांना जन्म देताना मरण पावते, आणि त्या मुलांवर पुढची सगळी गाथा उभी आहे. म्हणजे तिला निघून जाऊ देणाऱ्याला पुढे तिचे परतणे तरी पटवून द्यावे लागेल किंवा त्या मुलांसाठी वेगळी वाट तरी शोधावी लागेल. आपण असे काही ठरवले आहे का, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. निघून जाण्याचे प्रकरण लिहिण्याआधी ते ठरवावे, एवढे आग्रहाने सांगतो.

प्रश्न : एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या आक्रमणाची कथा मी नव्याने लिहितो आहे. शेवटी सूक्ष्मजंतूंनी शत्रू मरणे हे मला पळवाटेसारखे वाटते; माझ्या कथेत माणसे युक्तीने जिंकतात. शिवाय या कथेवर लिहिण्यास परवानगी लागते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वेल्स यांची ही कादंबरी १८९८ची आहे आणि त्यांचे निधन १९४६ साली झाले. त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण देणाऱ्या देशांतही २०१६ अखेर ती सर्वांसाठी खुली झाली. मात्र नंतरच्या रूपांतरांनी घातलेली भर खुली नाही. वेल्स यांच्या तीन पायांच्या यंत्रांऐवजी १९५३च्या चित्रपटाने आणलेली, हवेत तरंगणारी यंत्रे उचलू नका. जिचे हक्क अजून चालू आहेत अशी गाथा निवडली असती, तर प्रकाशनापूर्वी परवानगी घ्यावीच लागली असती.

शेवटाविषयी मात्र मी आपल्याशी असहमत आहे. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला आठवण करून देतात, की युरोपीय लोकांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत संहार केला. मग मंगळवासीयांनी तसेच केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? साम्राज्याच्या राजधानीभोवतीच्या लोकांना एकदा जिंकले जाण्याचा अनुभव देणे, हा त्या कादंबरीचा जीव आहे. म्हणून माणसे आपल्या कर्तृत्वाने वाचत नाहीत. ज्यांच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते असे क्षुद्र जीव त्यांना वाचवतात. १९३८च्या रेडिओ-नाट्याने स्थळ न्यू जर्सीत हलवले आणि निवेदनाला बातमीपत्राचे रूप दिले, १९५३ व २००५च्या चित्रपटांनी काळ, नायक आणि यंत्रे बदलली. पण सूक्ष्मजंतू तिघांनीही ठेवले.

तेही बदलता येतील. मंगळवासी जिंकून कायमचे राहू शकतात आणि कथा त्यानंतरच्या तिसऱ्या पिढीची होऊ शकते. किंवा ते स्वतःच्या कारणासाठी निघून जाऊ शकतात, ज्याचा माणसांशी काहीच संबंध नसेल, आणि ते कारण आपल्याला कधीच न कळणे हीच शिक्षा असेल. दोन्हींत माणसाचा गर्व उतरलेला राहतो. युक्तीने मिळवलेल्या विजयात तो शाबूत राहतो, आणि मग टास्मानियाचा उल्लेख असलेले ते पहिले प्रकरण आपल्याला गाळावे लागेल. आपण खरोखर ते गाळायला तयार आहात का?

प्रश्न : वाचकांना शेवट आधीच ठाऊक असतो. त्यांना धक्का देण्यासाठी मी मूळ गाथेतील प्रसिद्ध मृत्यू उलटवला आहे : जो वाचतो तो मरतो आणि जो मरतो तो वाचतो. नंतर नायकाला मी परत जिवंत करतो. हे परिणामकारक होईल का?

उत्तर : हा प्रयोग ‘स्टार ट्रेक’ या अंतराळगाथेत होऊन गेला आहे. कर्क हा तिच्यातील जहाजाचा कप्तान आणि स्पॉक त्याचा जिवलग मित्र. २००९च्या चित्रपटाने काळाची एक नवी शाखा फोडली. कर्कच्या जन्माच्याच वेळी त्याचे वडील मारले जातात, पुढे स्पॉकचा व्हल्कन हा आख्खा ग्रह नष्ट होतो, आणि जुन्या शाखेतून आलेला वृद्ध स्पॉक हे सगळे पाहत उभा असतो. त्या धाडसाचा मला आदर वाटतो, कारण ग्रह गेला तो गेलाच. तो कोणी परत आणला नाही. २०१३च्या पुढील चित्रपटाने मात्र १९८२च्या चित्रपटातील स्पॉकचा प्रसिद्ध मृत्यू घेऊन भूमिकांची अदलाबदल केली. किरणोत्सर्गी कक्षात कर्क मरतो, स्पॉक काचेपलीकडे आक्रोश करतो, आणि थोड्याच वेळात खलनायक खानच्या रक्तातून कर्क जिवंत होतो.

१९८२मध्येही स्पॉक कायमचा गेला नाही. १९८४च्या चित्रपटात तो परतला. पण त्यासाठी कर्कला आपले जहाज स्वतःच्या हाताने नष्ट करावे लागले आणि त्याचा मुलगा मारला गेला. मित्र परत मिळाला, पण त्याची किंमत डोळ्यांसमोर मोजली गेली. २०१३मध्ये अशी किंमत कोणीच मोजत नाही, म्हणून ती अदलाबदल केवळ आठवण जागवून थांबते.

ठाऊक असलेल्या कथेत मोठा बदल कसा करावा, यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला व्यवस्थित आठवते. लोकनिंदेच्या भयाने तो तिला नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणून कथेचे कारणच बदलले. रसाला प्रतिकूल असा भाग मूळ कथेतून आला असला तरी तो टाकावा आणि अनुकूल असे नवे कल्पावे, हे नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त स्पष्टच सांगितले आहे. म्हणजे कथा बदलण्याची मुभा आपल्याकडे जुनी आहे.

मात्र कालिदासाचे पुढचे पाऊल पाहा. शापामुळे दुष्यंत दोषमुक्त झाला, तेव्हा अंगठी सापडताच दोघांची भेट घडवून नाटक संपवता आले असते. त्याने तसे केले नाही. अंगठी मिळाल्यावर राजाला सगळे आठवते आणि शकुंतला मात्र कुठेच नसते. सहावा अंक त्याच्या पश्चात्तापाचा आहे. तो तिचे चित्र काढतो आणि चित्रातल्या भुंग्याला खरा समजून हाकलू पाहतो. सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा एक मुलगा त्याला भेटतो तेव्हा तो चालताबोलता झालेला असतो, म्हणजे दुष्यंताची तेवढी वर्षे हातची गेलेली असतात. आपला नायक मरून परत येतो, त्या दोन प्रकरणांच्या मध्ये असा सहावा अंक मला आराखड्यात दिसला नाही. तो कोणाचा असेल, परतलेल्या नायकाचा की मागे राहिलेल्याचा, हे ठरवून ते प्रकरण आधी लिहा आणि मला पाठवा. मी ते नक्की वाचीन.